उजवीकडचा समास

2017 सालच्या हिवाळ्यात आमच्या शाळेत वह्यांची तपासणी झाली. तपासणीला आलेले साहेब मराठी माध्यमात शिकलेले आणि आयुष्यभर मराठी शाळांतच वावरलेले. सहावीच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीची वही त्यांनी उचलली, डावीकडून उघडली, चार-पाच पाने चाळली आणि लाल पेनाने शेरा मारला, 'वही कोरी आहे. लक्ष द्यावे.' आम्ही पुढे होऊन वही पलटून दाखवली. निम्म्याहून अधिक पाने भरलेली होती, तीही सुरेख अक्षरात. साहेब मनापासून हसले. "अरे हो, तुमचं उलटं असतं नाही का!" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. शेरा मात्र राहून गेला. त्या दिवसापासून ती मुलगी अक्षर बारीक बारीक करत गेली. आम्हाला वाटले, चष्मा लागला असेल. मार्च महिन्यात तिच्या मैत्रिणीने सांगितले, "सर, उस को लाल वाले सफ़े तक पहुँचना नहीं है।"

ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आहे त्यांना पुढचे काही सांगायला नको. पण आता आपल्यापैकी पुष्कळांची मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बाजारात मिळणारी वही डावीकडून उघडते. तिच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला दिनांकासाठी मोकळी जागा असते आणि डावीकडे समासाची उभी रेघ. उर्दू शाळेतल्या मुलापुढे दोन मार्ग असतात. वही मागच्या पुठ्ठ्याकडून उघडायची. मग मोकळी जागा वरच राहते, पण समास ओळीच्या शेवटी येतो, जिथे त्याचा काही उपयोग नाही. किंवा वही खालची वर करायची; मग समास बरोबर उजवीकडे येतो, पण दिनांकाची जागा तळाला जाते आणि कव्हरवरचा वाघ, मोटार किंवा क्रिकेटपटू शीर्षासन करतो. आमच्या वर्गात दोन्ही पंथांचे लोक आहेत. नाव आणि इयत्ता लिहायची चौकट पहिल्या प्रकारात मागे पडते, दुसऱ्यात उलटी होते. गणिताची तर आणखी गंमत, कारण आपली वाक्ये उजवीकडून डावीकडे आणि अंक डावीकडून उजवीकडे! शाब्दिक उदाहरण सोडवताना पोराचा हात बोईसरच्या शेअर रिक्षासारखा ओळीत कुठूनही घुसतो.

हे सारे आम्हीही लहानपणी केले होते आणि त्यात काही चुकते आहे असे कधी मनात आले नव्हते. साहेबांच्या 'उलटं' या एका शब्दाने ते मनात आले आणि जाईना. बालभारतीचे उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. शासनाला ते जमते. मग वहीला का जमू नये? कागद तोच, पिना त्याच. रेघ तेवढी इकडची तिकडे सरकवायची आणि कव्हर दुसऱ्या अंगाला छापायचे. एखाद्या मोठ्या कंपनीला हे कोणी सांगितलेच नसेल, सांगितले की काम झाले, अशी आमची खात्री होती. तेव्हा आमचे वय तिशीच्या आत होते हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कॅम्लिनचा कारखाना आहे, याचा आमच्या मुलांना फार अभिमान. कंपासपेटीवर उंट पाहून ही कंपनी अरबांची किंवा निदान आपल्यापैकी कोणाची तरी असावी, असा वर्गात पक्का समज आहे. ती मुंबईच्या दांडेकर बंधूंनी 1931 साली शाईच्या पुड्या करून सुरू केली, तेव्हा त्या शाईवर उंट नव्हता, घोडा होता, आणि 2011 साली तिच्यात मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला, हे सांगितल्यावर वर्गाची थोडी निराशा होते. आम्ही मात्र गेलो ते या कंपनीकडे नव्हे. आमचा एक जुना विद्यार्थी वसाहतीतल्या दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या पॅकिंग विभागात होता. तीही वह्या बनवणारीच. तिचे नाव येथे देत नाही, कारण ज्या गृहस्थांनी आम्हाला वेळ दिला त्यांना त्यापायी नोकरीत काही ऐकून घ्यावे लागू नये.

आधी रीतसर इंग्रजीत पत्र पाठवले होते. उत्तर आले नाही. मग या विद्यार्थ्याने आपल्या वरिष्ठांच्या कानावर घातले, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांच्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी आम्हाला बोलावणे आले. सकाळची शाळा आटोपून पालघरहून डहाणू लोकल पकडली. मध्ये उमरोळी, की बोईसर. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'तारापूर एमआयडीसी' म्हटले की कळते, पण ही वसाहत तारापूरला नाही. खरे तारापूर समुद्रकाठी, चिंचणीजवळ. तिथल्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून वीज निघते. नाव तारापूरला मिळाले आणि धूर बोईसरला. चिंचणी हे आमचे आजोळ, त्यामुळे या वाटणीबद्दल आमच्या घरी अजून वाद होतात.

कंपनीच्या गेटवर रखवालदाराला आम्ही सांगितले, "साहेबांना भेटायला आम्ही आलो आहोत." त्याने आमच्या पाठीमागे पाहिले. "बाकीचे कुठायत?" उर्दूत रीतीने बोलणारा माणूस स्वतःला 'हम' म्हणतो, त्या सवयीने आम्ही मराठीतही 'आम्ही' होऊन बसलो आहोत. रखवालदाराने रजिस्टरात 'व्यक्ती 1' असे लिहिले आणि आमच्या पिशवीत डोकावून पाहिले. पिशवीत आम्ही स्वतः बांधलेल्या तीन वह्या होत्या. बाजारातल्या कोऱ्या कागदावर लाल पेनाने समास आखून, शाळेच्या स्टेपलरने पिना मारून तयार केलेल्या. पिना मध्यापर्यंत पोचत नव्हत्या म्हणून शेवटी सुईदोऱ्याने शिवलेल्या.

आत बसवल्यावर आधी एक कागद पुढे आला. इंग्रजीत, दोन पानी. आम्ही सावकाश वाचला. आम्ही जी कल्पना सांगू ती कंपनी गुप्त मानणार नाही, ती वापरायला किंवा न वापरायला कंपनी मोकळी राहील, आणि उद्या कंपनीने तसेच काही बाजारात आणले तर आम्ही हक्क सांगायचा नाही. सही केल्याशिवाय बोलणे सुरू होणार नव्हते. आमचा चेहरा पाहून त्या गृहस्थांनी मोकळेपणाने समजावले. बाहेरचा माणूस कल्पना घेऊन येतो, तीच गोष्ट कदाचित आमच्या आतल्या माणसाने आधीच टेबलावर ठेवलेली असते. मग कोर्टकचेरी होते. म्हणून मोठ्या कंपन्या एकतर ऐकतच नाहीत, किंवा आधी असा कागद करून घेतात. "आणि सर, तुमच्या वहीत लपवण्यासारखं काय आहे?"

नव्हतेच काही. पुढे आम्ही यासंबंधी वाचले. नुसत्या कल्पनेवर कायदा कोणाची मालकी मानत नाही. 1970 च्या पेटंट कायद्याला वस्तू नवी लागते, आधी कोणाला न सुचलेली. 2000 च्या डिझाइन कायद्यालाही रूप नवे लागते. उजवीकडून उघडणारी वही तर अरबस्तानात आहे, इराणात आहे, आमच्या आजोबांच्या जमाखर्चातही होती. आमची कल्पना हजारभर वर्षे जुनी निघाली. सही केली. उर्दूत केली, कारण आमची सही तशीच आहे. त्यावर गृहस्थांनी बाजूला कंसात नाव इंग्रजीत लिहून घेतले.

त्यानंतर आम्ही बोललो. बरेच बोललो. शेरा मारलेली वही, ती मुलगी, शीर्षासन करणारा वाघ, सारे सांगितले. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढायचे ते शिकवले होते, त्याप्रमाणे हेतू, साधने, अपेक्षित परिणाम असे लिहूनही नेले होते. गृहस्थ साताऱ्याकडचे, शांत. त्यांनी आमची वही उघडली, मिटली, शिवण बोटाने चाचपली. मग विचारले, "मुलं किती?"

"आमच्या शाळेत?"

"नाही, एकूण. ही वही घेतील अशी."

"खूप आहेत. पालघर, ठाणे, भिवंडी, मालेगाव…"

"खूप हा आकडा मला वर पाठवता येत नाही, सर." हे ते हसून म्हणाले, पण पेन खाली ठेवून म्हणाले. मग एकेक गोष्ट त्यांनी उलगडून सांगितली. रेघा मारण्याचे यंत्र कागदाच्या मोठ्या रिळावर चालते. समासाची जागा बदलायची तर यंत्र थांबवून जुळणी बदलावी लागते, आणि थांबलेले यंत्र हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च. कव्हर वेगळे म्हणजे मालाचा क्रमांक वेगळा, गोदामात जागा वेगळी. जूनच्या वह्यांच्या मागण्या आधीच्या हिवाळ्यातच ठरतात. आणि दुकानदार? तो म्हणणार, सरळ वही पलटून चालते ना, मग दोन प्रकार कशाला ठेवू? उरलेली उर्दू वही दुसऱ्या कोणाला खपवता येत नाही. "तुमच्या पालकांना विचारलंत का? दीड-दोन रुपये जास्त पडले तर ते ही वही घेतील का?"

आम्ही विचारले नव्हते. आमच्या शाळेतल्या एकाही आईबापाला विचारले नव्हते. हा प्रश्न ऐकल्यावर आमच्या लक्षात आले की आम्ही तिथे वही विकायला आलोच नव्हतो. त्या लाल शेऱ्याची दाद मागायला आलो होतो, आणि तीही अशा माणसाकडे ज्याने तो शेरा मारला नव्हता.

निघताना त्यांनी कपाटातून एक वही काढून दाखवली. कोणत्या तरी प्रदर्शनातून आणलेली जपानी शाळेची वही. चौकटी उभ्या ओळीत, आणि वही उजवीकडून उघडणारी! जपानी मुले भाषेच्या तासाला वरून खाली, उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्या विषयाची वही उजवीकडून, गणिताची डावीकडून. एकाच दप्तरात दोन्ही. "तिथं देशातलं प्रत्येक पोर दोन्ही घेतं," ते म्हणाले, "म्हणून जमतं." आम्ही ती वही बराच वेळ हातात धरून होतो.

त्या रात्री घरी न जाता चिंचणीला मामूंकडे गेलो. मामू कातिब. मुंबईत एका उर्दू दैनिकात वीसेक वर्षे त्यांनी कलमाने, म्हणजे मराठीत ज्याला बोरू म्हणतात त्याने, पानेच्या पाने लिहिली. उर्दूचा नस्तालीक खत खिळ्यांच्या छपाईत नीट बसत नाही. शब्द वरून तिरपा खाली उतरतो, एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप पालटते. म्हणून जगातली सारी दैनिके यंत्रावर जुळवली जात असताना आपली मात्र हाताने लिहिली जात. मामूंनी आमची सारी हकिकत ऐकली आणि कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांची गोष्ट काढली. ती आम्ही लहानपणीही ऐकली होती, पण तेव्हा ती आम्हाला मामूंच्या दुष्मनाची गोष्ट वाटे.

1979 साली मिर्झासाहेब सिंगापूरला छपाईयंत्रांचे प्रदर्शन पाहायला गेले. तिथे मोनोटाइप या इंग्रज कंपनीचे लेझरकॉम्प नावाचे यंत्र चिनी लिपी जुळवून दाखवत होते. चिनीची हजारो चिन्हे या यंत्राच्या पोटात मावतात, तर उर्दूची जोडरूपे का मावू नयेत, असा त्यांना प्रश्न पडला आणि त्यांनी तो कंपनीपुढे ठेवला. कंपनी तयार झाली. पुढे मिर्झासाहेबांनी हजारो जोडरूपे एकाच मापाने स्वतःच्या हाताने लिहून काढली. वडिलांचे नाव नूर अहमद, म्हणून खताचे नाव नूरी नस्तालीक. 1981 साली लाहोरचे 'जंग' त्यात निघाले. तिकडून तो खत 1994 नंतर 'इनपेज' या दिल्लीत तयार झालेल्या सॉफ्टवेअरमधून आपल्याकडच्या छापखान्यांत पसरला. आज आपल्या हातात येणारे बहुतेक उर्दू छापील पान मिर्झासाहेबांच्या हाताचे वंशज आहे.

आणि त्यानेच मामूंची रोजी गेली. दैनिकात संगणक आला, कातिबांना सांगण्यात आले की शिका किंवा निघा. मामूंचे वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे. ते चिंचणीला परत आले आणि लग्नाचे रुक्के आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागले.

"गुस्सा नहीं आया, मामू?"

"आया ना। फिर वो पर्चा देखा।" मामूंनी थोडा वेळ आठवून पाहिले. "ख़त अच्छा था, बेटा।"

मग म्हणाले, "कंपनी ने मशीन दी, हाथ मिर्झासाहब का था। तू क्या ले के गया था? सुईधागा?"

जळगावच्या शेख जहांगीर यांचेही असेच. 2009 च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात स्कूटरवर चालणारी पिठाची चक्की सर्वांनी पाहिली, ती त्यांची. चक्की आधी चालली, मग लोकांनी ऐकले.

आम्ही आकडे जमवायला घेतले. तालुक्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या उर्दू शाळांना फोन केले. पालकसभेत विषय काढला. एका वडिलांनी विचारले, "उजवीकडून उघडली म्हणून मार्क वाढणार का?" एका आईने एवढेच विचारले, "सस्ती मिलेगी क्या?" बहुतेकांना यात अडचण काय तेच कळेना, त्यांनीही वह्या पलटूनच शिक्षण केले होते, आणि आम्हीही. खरे सांगायचे तर त्या सभेत आमचा धीर खचला. शेवटी रिक्षा चालवणारे एक गृहस्थ जागेवरून म्हणाले, "सर, मेरी बेटी के लिए दस लिख लो।" ते त्याच मुलीचे वडील. त्यांच्यानंतर आणखी हात वर झाले, फार नाही.

जमलेले आकडे बोईसरला पाठवले. तीन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की सध्या असे उत्पादन काढण्याचा विचार नाही, आपल्या आस्थेबद्दल आभार. त्याच संध्याकाळी साताऱ्याच्या गृहस्थांचा स्वतःच्या मोबाइलवरून फोन आला. ते म्हणाले, तुमचा आकडा आमच्यासाठी लहान आहे, पण छोट्या छापखान्यासाठी लहान नाही. अठ्ठावन्न जीएसएमचा कागद घ्या, त्याखाली जाऊ नका, शाई मागे उतरते. समास रेघेचा घ्या, ठिपक्यांचा नको. आणि बांधणाऱ्यासमोर स्वतः उभे राहा.

शेवटचा सल्ला आम्ही मानला नाही.

2019 च्या उन्हाळ्यात पालघरच्या एका छापखान्यात सहाशे वह्या टाकल्या. पैसे आम्ही आणि आमच्याच शाळेतल्या दोन शिक्षकांनी घातले. कव्हरवर चित्रकलेच्या सरांनी शिरगावचा किल्ला काढून दिला, सरळ उभा. चौकटीतली 'नाम, जमात, मज़मून' ही अक्षरे मामूंनी लिहिली. हात थरथरत होता म्हणून सात वेळा लिहिली, सातवी घेतली. संगणकावरून नूरी नस्तालीकमध्ये दोन मिनिटांत झाले असते, असे छापखान्यातला मुलगा म्हणाला. मामू काही बोलले नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे आले. चारशे वह्या जशा हव्या तशा. दोनशेंची कव्हरे छापखान्याने सवयीप्रमाणे दुसऱ्या अंगाला लावलेली. म्हणजे किल्ला, मामूंची अक्षरे, सारे डावीकडून उघडणाऱ्या बाजूला, आणि आत समास उजवीकडे. छापून झालेल्या कव्हराला काही करता येत नाही. छापखानेवाले ओशाळले, निम्मे पैसे सोडले. दोनशे वह्यांचे करायचे काय? आमचे मराठीचे सर पुढे आले. उर्दू शाळेत मराठीचा विषय सक्तीचाच. त्यासाठी डावीकडून उघडणारी वही लागतेच. त्या साऱ्या वर्षी आमच्या मुलांनी मराठी लिहिले ते उजवीकडच्या समासाच्या वहीत. पहिल्या आठवड्यात सरांची सारखी तक्रार, की ओळ संपता संपता रेघ आडवी येते, मुले शब्द तोडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही विचारले. "सवय होते हो," ते म्हणाले.

त्याच वर्षी तपासणीला दुसरे साहेब आले. हे फार समंजस. वर्गात शिरतानाच म्हणाले, "मला माहीत आहे, तुमच्या वह्या उजवीकडून." समोरची वही उचलली, कव्हरवर उर्दू अक्षरे पाहिली आणि ती काळजीपूर्वक पलटून उजवीकडून उघडली. मराठीची वही होती. पाने कोरी. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही मराठीच्या सरांकडे. पेन खिशातून निघण्याआधी सरांनी वही फिरवून दिली.

2023-24 पासून बालभारतीने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत प्रत्येक पाठामागे लिहिण्यासाठी वहीची पाने घातली. त्यावर टीका पुष्कळ झाली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. पण ती दोन वर्षे महाराष्ट्रातल्या उर्दू शाळांतल्या मुलांना उजवीकडून उघडणारी वहीची पाने सरकारकडून फुकट मिळत होती, आणि त्या काळात आमच्या वह्यांची मागणी निम्म्यावर आली. त्या मुलीने दहावीनंतर विज्ञान घेतले. आता तिच्या साऱ्या वह्या इंग्रजीत. मामू 2021 मध्ये गेले. कव्हरवर अजून त्यांचीच अक्षरे आहेत.

दर मे महिन्यात छापखान्यातून फोन येतो, "सर, यंदा किती?" यंदा तीनशे ऐंशी सांगितल्या. बांधणीच्या दिवशी सकाळीच जाऊन उभे राहायचे आहे.